भिंतीला घाई चालत नाही

पेंटची जाहिरात बघितलीयत ना? त्यात एक छानसं घर असतं, खिडकीतून मस्त ऊन येत असतं, आणि कुणीतरी सुंदर बाई भिंतीवरून हळूच हात फिरवत असते. भिंत अशी की तिच्यावर लोणी ठेवलं तर घसरून खाली येईल! जाहिरातीत डबा दिसतो, रंग दिसतो, नवरा-बायको-मुलं-कुत्रा सगळे दिसतात. दिसत नाही तो एकच माणूस. डोक्याला रुमाल, तोंडाला गमछा, भुवयांपर्यंत पांढरी धूळ आणि हातात पॉलिश पेपरचा तुकडा. बॉस, ती लोण्यासारखी भिंत त्याने केलेली असते. डब्याने नव्हे.

त्या मानाने आपला गट्टू बरा. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी एशियन पेंट्ससाठी काढलेला तो खट्याळ पोरगा. निदान त्याच्या हातात ब्रश तरी असायचा! जाहिराती गुळगुळीत होत गेल्या आणि गट्टूही गेला.

गेल्या आठवड्यात पडद्यांवर लिहिलं, तर अनेकींनी (आणि चक्क दोन-चार जणांनीही!) विचारलं, की पडद्यांचं ठीक आहे, पण मागच्या भिंतीचं काय? महागातला रंग आणला, तरी भिंत हॉटेलसारखी ‘स्मूथ’ का दिसत नाही? प्रश्न अगदी वेळेवर आलाय. कारण डोंबिवलीत घेतलेल्या आमच्या सेकंडहँड वन बीएचकेच्या भिंती नुकत्याच रंगवून झाल्यात, आणि त्या निमित्ताने पेंटरकाकांकडून मी जे शिकले ते मास कॉमच्या दोन वर्षांतही शिकले नव्हते.

रंग लपवत नाही, दाखवतो!

सगळ्यात आधी एक फंडा क्लिअर करून टाकू. आपल्याला वाटतं, रंग जाड असतो आणि तो खड्डे भरून काढतो. साफ चूक. आतल्या भिंतींना मारायच्या इमल्शनचे दोन हात वाळले की जो थर उरतो, तो साधारण तुमच्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीचा. मिलिमीटरचा दहावा भागसुद्धा नाही! एवढासा थर काय डोंबलाचे खड्डे भरणार? तो फक्त खालच्या भिंतीवर चढतो, जशी आहे तशीच तिला दाखवतो. मेकअप करणाऱ्यांना हे लगेच कळेल. चेहरा कोरडा, सोललेला असेल तर कितीही महाग फाउंडेशन लावा, पापुद्रे आणखीच उठून दिसणार.

हे ज्ञान काही आजचं नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत खडकावर थेट रंग दिलेला नाही. आधी मातीचा गिलावा, त्यात भाताचा कोंडा आणि झाडपाल्याचे धागे मिसळलेले, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग त्या तयार पृष्ठभागावर चित्रं. आपली आजी अंगण सारवायची तेव्हा तरी दुसरं काय करायची? आधी जमीन चोपून सारखी, मग शेणाचा हात, आणि रांगोळी सगळ्यात शेवटी. आपण मात्र दुकानात जातो आणि पहिला प्रश्न विचारतो : ‘शेड कार्ड दाखवा.’

तीन कोटेशन्स, एक हॉल

आता आमचं प्रकरण ऐका. बिल्डिंग नव्वदच्या दशकातली. भिंतीवर आधीच्या मालकांच्या पाच-सहा दिवाळ्यांचे थर. टीव्हीच्या मागे खिळ्यांची भोकं, खिडकीखाली पोपडे, आणि ट्यूबलाइट लावली की हॉलची मोठी भिंत दुपारच्या समुद्रासारखी दिसायची. वर-खाली, वर-खाली. भाड्याच्या घराचं अ‍ॅग्रीमेंट महिनाअखेरीला संपत होतं. म्हणजे जितके दिवस रंग लांबणार, तितके दिवस इकडे भाडं आणि तिकडे ईएमआय. फ्रीलान्स पत्रकाराच्या घरात हे गणित फार मजेशीर नसतं, हे वेगळं सांगायला नको.

तीन जणांकडून कोटेशन घेतलं. पहिला म्हणाला, ‘मॅडम, चार दिवसांत अख्खं घर. एकदम मक्खन.’ दुसरा म्हणाला, आठवडा. तिसरे आमचे पेंटरकाका. त्यांनी भिंतीवर बोटाने टकटक केली, खिडकीखाली तळहात ठेवून जरा वेळ तसेच उभे राहिले आणि म्हणाले, ‘ताई, नुसत्या हॉलला नऊ दिवस.’ रेट पहिल्यापेक्षा जवळजवळ दीडपट. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

मग रात्री आम्ही तिन्ही कागद टेबलावर ठेवले आणि एकेक ओळ जुळवायला बसलो. आणि गंमत कळली. तिन्ही कोटेशन्समध्ये रंग एकच होता. त्याच कंपनीचा, त्याच दर्जाचा, दोन हात. फरक होता तो रंगाच्या आधीच्या ओळींत. पहिल्याच्या कागदावर ‘टचअप पुट्टी’ एवढाच शब्द. म्हणजे खड्डा दिसेल तिथे बोटभर पुट्टी, बाकी राम राम! दुसऱ्याचा पुट्टीचा एक हात, आणि घासण्याचा उल्लेखच नाही. काकांच्या कागदावर मात्र वाकड्यातिकड्या अक्षरात सगळं होतं : खरवडणं, भेगा भरणं, पुट्टी दोन हात, घासणं दोन वेळा, प्रायमर, मग रंग. आणि प्रत्येकाच्या मधे ‘वाळायला’ असं लिहिलेलं. त्या ‘वाळायला’चेच साडेतीन दिवस होते.

थोडक्यात, स्वस्त कोटेशनमध्ये रंग कमी नव्हता. वेळ कमी होता.

आतली गोष्ट

आता प्रत्येक पायरी काय करते ते बघू, म्हणजे तुमच्याकडे पेंटर येईल तेव्हा ‘हो हो, करा’ एवढंच म्हणून ऑफिसला पळायची वेळ येणार नाही.

खरवडणं : जुना रंग जिथे सुटलाय तिथे तो पूर्ण काढायचा. पोपड्यावर पुट्टी लावली तर पुट्टी भिंतीला नाही, पोपड्याला चिकटते. पोपडा पडला की सोबत तीही पडणार. भेग असेल तर ती आधी टोकदार अवजाराने थोडी रुंद करतात. ऐकायला उलटं वाटतं, पण बारीक भेगेत माल आत जातच नाही, वरच्यावर बसतो आणि पुढच्या उन्हाळ्यात भेग पुन्हा डोकं वर काढते.

पुट्टी : जुने पेंटर हिला ‘लांबी’ म्हणतात. आज बाजारात मुख्यत्वे दोन जाती. एक पांढऱ्या सिमेंटची, भुकटीच्या रूपात येते, पाण्यात कालवायची. दुसरी अ‍ॅक्रिलिक, डब्यात तयार मिळते. सिमेंटची जास्त घट्ट आणि ओल जरा अधिक सोसणारी. अ‍ॅक्रिलिक हाताळायला सोपी, पण ती फक्त आतल्या कोरड्या भिंतीसाठी. दोन्ही पत्र्याच्या रुंद पट्टीने पातळ ओढायच्या. एकच जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ थर केव्हाही चांगले. जाड थर वाळताना आकसतो आणि केसासारखे तडे देतो. सिमेंटच्या पुट्टीचे दोन्ही हात मिळून साधारण दीड मिलिमीटरच्या वर जाऊ नयेत. त्याहून मोठा खड्डा असेल तर ते काम पुट्टीचं नाही, गवंड्याचं.

आणि इथे मला काकांनी एक सॉलिड गोष्ट सांगितली. पहिला हात झाल्यावर लवकर वाळावी म्हणून मी पंखा लावायला गेले, तर काका ओरडलेच, ‘ताई, पंखा नको!’ कारण सिमेंट नुसतं वाळत नाही, ते पाण्याशी संयोग होऊन घट्ट होतं. म्हणून तर गवंडी गिलाव्यावर पाणी मारत बसतो. पाणी आधीच उडून गेलं तर सिमेंट कच्चं राहतं आणि हात लावला की पिठासारखं सुटतं. म्हणूनच ही पुट्टी लावण्याआधी भिंत ओलसर करून घेतात. अ‍ॅक्रिलिक पुट्टीचं आणि रंगाचं मात्र तसं नाही. त्यांतलं पाणी उडून गेलंच पाहिजे. एकाच भिंतीवर दोन वेगळी घड्याळं!

घासणं : खरी जादू इथे होते. पॉलिश पेपरच्या मागे नंबर असतो. नंबर लहान तर पेपर खरखरीत, नंबर मोठा तर पेपर मऊ. आधी १२० किंवा १८०च्या आसपासचा, उंचवटे काढायला. मग २२० ते ३२०, पट्टीच्या रेघा आणि ओरखडे घालवायला. एकाच खरखरीत पेपरने सगळं उरकलं, तर रंग दिल्यावर भिंतीवर गोल गोल ओरखडे दिसतात, विशेषतः गडद रंगात. आणि घासून झाल्यावर भिंत कोरड्या फडक्याने पुसायची. हे हमखास विसरलं जातं. धुळीवर रंग दिला की तो धुळीला चिकटतो, भिंतीला नाही.

प्रायमर : नवऱ्याचा प्रश्न होता, ‘पांढऱ्यावर पांढरंच कशाला?’ कारण पुट्टी म्हणजे टीपकागद. ती रंगातला ओलावा शोषते, आणि सगळीकडे सारखा शोषत नाही. जिथे जास्त शोषला तिथे रंग मलूल, जिथे कमी तिथे चकाकी. प्रायमर भिंतीची तहान सगळीकडे सारखी करतो. प्रायमरचा आणखी एक उपयोग म्हणजे तो चहाडखोर आहे. सगळं एकसारखं पांढरं झालं की राहिलेले खड्डे उठून दिसतात. चांगला पेंटर तेव्हा पुन्हा थोडी पुट्टी लावतो, तेवढंच घासतो आणि तेवढ्या जागी प्रायमर देतो. अशी दुसरी संधी घेणारा पेंटर मिळाला तर त्याचा नंबर सेव्ह करून ठेवा!

रंग : हे सगळं झाल्यावर रंगाला खरं तर फार काही करावं लागत नाही. गुळगुळीत भिंतीला बारीक केसांचा रोलर हवा. लांब केसांच्या रोलरने संत्र्याच्या सालीसारखा पोत येतो. एक भिंत एका दमात संपवायची, मधेच जेवायला जायचं नाही. अर्धी भिंत वाळली आणि तिच्या कडेवर ओला रंग चढला, की तिथे पट्टा दिसणारच. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. आणि एका खोलीला दोन डबे लागणार असतील तर ते आधीच एका मोठ्या बादलीत एकत्र करायचे. मशिनवर मिसळलेल्या एकाच शेडच्या दोन डब्यांतही किंचित फरक पडू शकतो, आणि तो नेमका भिंतीच्या मधोमध उघडा पडतो.

ट्यूबलाइट बंद, टॉर्च चालू

काम झाल्यावर ते तपासायचं कसं? भिंतीसमोर उभं राहून सगळंच चांगलं दिसतं. काका दिवा भिंतीला जवळजवळ चिकटवून धरतात, म्हणजे उजेड भिंतीवरून घसरत जातो. अशा तिरक्या उजेडात मुंगीएवढा उंचवटाही सावली टाकतो. आपल्या मोबाइलचा टॉर्च याला पुरतो. रात्री लाइट बंद करून भिंतीच्या कडेला टॉर्च धरा आणि बघा. पण हे कधी करायचं? घासून झाल्यावर, प्रायमरच्या आधी. आणि परत एकदा प्रायमरनंतर. रंग झाल्यावर टॉर्च मारला तर फक्त भांडण होतं, भिंत सुधारत नाही.

याच उजेडाच्या हिशोबाने फिनिश निवडायचं. दुकानदार ‘शीन’ असलेला, चमकदार रंग पुढे करतो. तो पुसायला सोपा असतो हे खरंय. पण चमक म्हणजे आरसा. भिंत समुद्रासारखी असेल तर ती लाट न् लाट दाखवणार. मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो, तो उजेड सगळीकडे पसरवतो आणि बारीकसारीक दोष पोटात घालतो. त्यामुळे नियम साधा : भिंतीच्या तयारीवर पैसे खर्च करणार असाल तरच चमक घ्या. नाहीतर मॅट तुमचा मित्र. खिडकीतून ज्या भिंतीवर तिरपं ऊन पडतं, तिथे तर दहा वेळा विचार करा.

ओल असेल तर सगळं मुसळ केरात

खिडकीखाली तळहात ठेवून काका काय बघत होते, ते मला नंतर कळलं. ओल! ओल्या भिंतीवर जगातली कुठलीही पुट्टी टिकत नाही. पाणी बाहेर यायला बघतं, येताना गिलाव्यातले क्षार घेऊन येतं. लोणा म्हणतात तो हाच. आणि मग रंगाला फुगे येतात. यावर घरगुती टेस्ट आहे. हातभर प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारही कडांना टेपने भिंतीला घट्ट चिकटवा आणि चोवीस तास विसरून जा. काढल्यावर भिंतीच्या बाजूने पाण्याचे थेंब दिसले, तर रंगाचं बजेट बाजूला ठेवा आणि आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. बाहेरच्या भिंतीची भेग, खिडकीच्या चौकटीची फट, पलीकडचं बाथरूम... यांपैकी कुणीतरी एक सापडतोच.

आमच्याकडे खिडकीच्या चौकटीची फट निघाली. ती बाहेरून बुजवली, तीन दिवस भिंत तशीच ठेवली, पुन्हा प्लास्टिक लावलं. कोरडं. मगच पुट्टी. नव्या टॉवरमध्ये पझेशन घेणाऱ्यांनाही हे लागू आहे बरं का! सिमेंटचा नवा गिलावा व्हायला साधारण २८ दिवस देतात, आणि तो आतून पूर्ण कोरडा व्हायला, विशेषतः मुंबईच्या पावसाळ्यात, आणखी वेळ लागू शकतो. वास्तुशांतीचा मुहूर्त गुरुजी काढतात, पण भिंतीचा मुहूर्त भिंतच काढते.

धूळ कुणाच्या फुप्फुसात?

आता जरा गंभीर होते. घासण्याच्या दिवशी मी डबा द्यायला गेले, तर हॉलमध्ये धुकं होतं. खरंच धुकं. काका खिडकीच्या उजेडात नुसते सावलीसारखे दिसत होते. मधूनमधून खोकत होते. तीस वर्षं या लाइनमध्ये आहेत. तोंडाला गमछा बांधलेला. मी म्हटलं, ‘काका, मास्क?’ म्हणाले, ‘श्वास कोंडतो ताई. आणि सारखं थांबत बसलो तर काम कधी संपायचं?’

हे दुसरं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. कारण आपण पैसे देतो चौरस फुटाप्रमाणे. म्हणजे जो जितकी घाई करेल, तितकी त्याची रोजची कमाई जास्त. खिडकी उघडून दहा मिनिटं गॅलरीत उभं राहणं, धूळ खाली बसू देणं, मास्क बदलणं, हे सगळं त्याच्या खिशातून जातं. आपल्याला मिळते ती मऊ भिंत, त्याला मिळते ती धूळ. आणि कापडातून बारीक धूळ आरपार जाते. एन-९५ मास्क हवा, तोही नाकावर नीट बसलेला.

जुन्या घरात आणखी एक भानगड आहे, ती म्हणजे शिसं. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या वर, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या वर असू नये, हा केंद्र सरकारचा नियम २०१६ साली आला आणि १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत, विशेषतः दारं, खिडक्या, ग्रिल यांच्या ऑइल पेंटमध्ये, शिसं असण्याची शक्यता धरूनच चालावं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की लहान मुलांसाठी शिशाचं ‘एवढं चालेल’ असं कुठलंच सुरक्षित प्रमाण माहीत नाही. म्हणून जुना ऑइल पेंट कोरडा घासायचा नाही. पाणी मारून, ओला ठेवून घासायचा, धूळ झाडूने उडवायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. घरात बाळ किंवा गरोदर बाई असेल तर त्या दिवसांत त्यांना दुसरीकडे हलवायचं. धूळ ओढून घेणारी सँडिंग मशिन्सही आता मिळतात, काही पेंट कंपन्या आपल्या सर्व्हिसमध्ये ती वापरतात. परवडत असेल तर जरूर विचारा.

मग आम्ही काय केलं?

बजेट तेवढंच होतं, दिवसही तेवढेच. त्यामुळे घरभर अर्धवट काम करण्यापेक्षा आम्ही घराची विभागणी केली. हॉल काकांच्या पद्धतीने, पूर्ण, नऊ दिवस. बेडरूमला फक्त खरवडणं, गरज तिथे पुट्टी, एक प्रायमर आणि मॅट रंग. तिथे ऊन तिरपं येत नाही आणि पाहुणे तर मुळीच येत नाहीत! किचन पुढच्या वर्षी. हॉलसाठी बघितलेला सोफाही पुढच्या वर्षी. सासूबाई सांगलीहून आल्या तेव्हा गादीवर बसल्या आणि म्हणाल्या, ‘बसायला काही नाही, पण भिंत छान झालीय हो!’ कॉम्प्लिमेंट होती की टोमणा, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही.

दुसरं म्हणजे, काकांशी बोलून घासण्याचे दोन दिवस चौरस फुटातून बाहेर काढले. त्या दोन दिवसांचे रोजाने पैसे. काम एका दिवसात झालं काय, दोन दिवसांत झालं काय, पैसे दोन दिवसांचे. मास्कचा डबा आमच्याकडून. पहिल्या दिवशी काकांनी मास्क अर्धा वेळ घातला, अर्धा वेळ हनुवटीवर. दुसऱ्या दिवशी त्यांचा पुतण्या मदतीला आला, त्याने मात्र नाकावरून काढला नाही. दर तासाला दोघं गॅलरीत यायचे, चहा प्यायचे, धूळ बसायची. आणि गंमत म्हणजे हॉलची भिंत याच दोन दिवसांत भिंत झाली. पुढचे रंगाचे दोन हात म्हणजे नुसती सही होती.

नऊ दिवसांचे शेवटी दहा झाले. अर्ध्या महिन्याचं जास्तीचं भाडं भरावं लागलं. ते दुखलं, खोटं कशाला बोलू? पण त्या जास्तीच्या पैशांत आम्ही काय विकत घेतलं, हे मला नेमकं सांगता येतं. रंग नाही. वाळण्याचे साडेतीन दिवस आणि एका माणसाची गॅलरीतली दहा-दहा मिनिटं.

कोटेशनवर सही करण्याआधी हे कापून ठेवा

- माप स्वतः घ्या. १० बाय १२ची खोली, उंची ९ फूट. चार भिंतींचे ३९६ चौरस फूट, छताचे १२०, एकूण ५१६. एक दार (३ बाय ७) आणि एक खिडकी (५ बाय ४) वजा केली की ४७५. म्हणजे जमिनीच्या जवळजवळ चौपट! दार-खिडकी वजा धरणार की नाही, ते आधीच ठरवा.

- ‘पुट्टी’ एवढाच शब्द चालणार नाही. कुठल्या जातीची, किती हात, सगळ्या भिंतीला की फक्त खड्ड्यांना, हे लिहून घ्या.

- घासणं किती वेळा आणि कुठल्या नंबरच्या पेपरने, ही ओळ स्वतंत्र हवी. शक्य असेल तर तिचे पैसे रोजाने द्या.

- वाळण्याचे दिवस तारखांसकट लिहा. जो ‘मधे थांबायची गरज नाही’ म्हणतो, त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

- टॉर्च टेस्ट दोनदा. घासल्यावर आणि प्रायमरनंतर. त्या दोन संध्याकाळी ऑफिसमधून वेळेवर निघा. बॉसला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा!

- सगळे पैसे आधी देऊ नका, आणि काम संपल्यावर शेवटचा हप्ता अडवूनही ठेवू नका. प्रायमर पास झाला की मोठा हप्ता. कारण खरं काम तिथे संपलेलं असतं.

- उरलेला रंग घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यात ठेवा. वर शेड नंबर आणि तारीख लिहा. पुढे खिळा चुकलाच तर उपयोगी पडेल.

पुढच्या आठवड्यात : खिळा न चुकवता भिंतीला फोटोफ्रेम कशी लावायची? तोपर्यंत नव्या भिंतीला टेकून बसू नका. डोक्याच्या तेलाचा डाग कुठल्याच पेंटवरून सहज जात नाही!